गरम गाडी उशिरा स्टार्ट होते तेव्हा: दोष शोधण्याचा योग्य क्रम

सकाळी थंड असताना चावी फिरवल्याबरोबर चालू होणारी गाडी घाट चढून आल्यावर, फेरीबोटीतून उतरताना किंवा बाजारात वीस मिनिटे उभी राहिल्यावर मात्र बराच वेळ सेल्फ मारायला लावते. या तक्रारीवर जितके पैसे चुकीच्या जागी खर्च होतात, तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या दोषावर होत असतील. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते आणि तिचा नंबर लागेपर्यंत थंड होते. थंड झाली की दोष दिसत नाही, आणि दोष दिसत नसताना मिस्त्री अंदाजाने बॅटरी, मग प्लग, मग पेट्रोल पंप अशा क्रमाने सुटे भाग बदलत जातो. म्हणून या लेखातील बहुतेक चाचण्या गाडी गरम असताना, दोष प्रत्यक्ष दिसत असतानाच करायच्या आहेत. त्यांचा क्रमही बदलू नये, कारण पुढची प्रत्येक चाचणी आधीच्या चाचणीच्या उत्तरावर उभी आहे.

## तयारी

इंजिन बंद केले की पाण्याचा पंप थांबतो आणि बॉनेटखालून वाहणारा वाराही थांबतो, पण इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता तशीच राहते आणि आजूबाजूच्या भागांत पसरू लागते. त्यामुळे इंधनाची नळी, सेल्फ मोटार आणि सेन्सर हे भाग गाडी बंद केल्यानंतर साधारण १५ ते ३० मिनिटांनी सर्वाधिक तापलेले असतात. गाडी बंद करून लगेच चालू केली तर ती व्यवस्थित चालू होते, पण चहा पिऊन आल्यावर त्रास देते, याचे कारण हेच आहे.

चाचणीला निघण्यापूर्वी पुढील सामान जवळ असावे: डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १२ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, टॉर्च, जाड हातमोजे आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडून मोबाइलवर माहिती दाखवणारा साधा ओबीडी स्कॅनर. हा स्कॅनर महाग नसतो, आणि टप्पा ५ पासून पुढे त्याच्याशिवाय केलेले निदान म्हणजे निव्वळ तर्क ठरतो. त्याशिवाय एक वही हवी आणि चावी फिरवायला एक माणूस हवा.

वहीत आठवडाभर प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहाव्यात: गाडी किती वेळ चालली होती, बंद करून किती मिनिटे झाली, टाकीत इंधन किती होते, सेल्फ किती सेकंद मारावा लागला आणि चालू होताना पेट्रोलचा वास किंवा काळा धूर आला का. टाकी नुकतीच फुल केली असेल तर तेही अवश्य नोंदवावे. ही नोंद अनेकांना क्षुल्लक वाटते, पण पुढे एका विशिष्ट दोषाचा माग केवळ तिच्यावरूनच लागतो.

इशारा: गरम इंजिनवर काम करताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. गाडी बंद असली तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून पंच्याचे टोक, ओढणी आणि बाही त्याच्यापासून दूर ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाखाली दगड असावा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्यावे.

## टप्पा १: दोष मुद्दाम घडवून आणावा

गाडी किमान अर्धा तास, शक्यतो चढणीच्या रस्त्यावर चालवावी. रत्नागिरीकरांनी साखरप्याहून आंबा घाट चढावा, चिपळूणकरांनी पोफळीहून कुंभार्ली. जवळ घाट नसेल तर एसी लावून हायवेवर अर्धा तास चालवले तरी चालते. वर पोहोचल्यावर सपाट आणि सुरक्षित जागी गाडी बंद करून पहिला प्रयत्न लगेच, दुसरा २० मिनिटांनी आणि तिसरा तासाभराने करावा. दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू झाली की ती लगेच बंद करावी, नाहीतर तिसऱ्याचे मोजमाप चुकते. चौथा प्रयत्न दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना करावा. प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाजासह चित्रीकरण करावे आणि चौकटीत डॅशबोर्डचे दिवे दिसतील असे पाहावे. गॅरेजमध्ये तोंडी वर्णन करण्यापेक्षा हे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण अनुभवी मिस्त्री सेल्फचा नुसता आवाज ऐकून निम्मे निदान करतो.

पडताळणी: चारही प्रयत्नांत सारखाच उशीर लागत असेल, तर हा गरम गाडीचा दोष नव्हे. ती वेगळी तक्रार आहे आणि तिचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो.

## टप्पा २: उशीर कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे

या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच गाळली जाते. ‘गाडी उशिरा स्टार्ट होते’ या एका वाक्यात दोन अगदी भिन्न दोष लपलेले असतात.

पहिल्या प्रकारात सेल्फच जड फिरतो. सकाळी सलग आणि चपळ येणारा आवाज गरम असताना तुटक होतो, दोन आवाजांमध्ये अंतर पडते आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. हा विजेचा किंवा सेल्फ मोटारीचा दोष आहे, आणि त्यात पेट्रोल पंप, इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) किंवा प्लग यांना हात लावण्याचे काहीही कारण नाही.

दुसऱ्या प्रकारात सेल्फ सकाळइतक्याच जोमाने फिरतो, परंतु इंजिन पकडत नाही. पाच, सात, कधी दहा सेकंदांनी ते कसेबसे पकडते. हा इंधनाचा, ठिणगीचा किंवा सेन्सरचा दोष आहे, आणि त्यात नवी बॅटरी घातल्याने काडीचाही फरक पडणार नाही.

सकाळचे आणि गरम असतानाचे अशी दोन्ही चित्रीकरणे पाठोपाठ ऐकावीत. फरक कानाला लगेच कळतो. सेल्फ जड असेल तर टप्पा ३ करावा. सेल्फ चांगला असेल तर पेट्रोल गाडीसाठी टप्पा ४ आणि ५ व डिझेल गाडीसाठी टप्पा ५ आणि ६ करावेत.

## टप्पा ३: सेल्फ जड फिरत असल्यास

बॅटरीपासून सुरुवात करावी, पण ती बदलून नव्हे, तर मोजून. सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर तो साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केले जाते, म्हणून हा आकडा हेडलाइट आणि एसी लावून पाहावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंजिन तापल्यामुळे बॅटरी तात्पुरती दुबळी होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे: उष्णतेने बॅटरीचे आयुष्य कमी होते हे खरे, पण त्या क्षणाची तिची ताकद थंडीत घटते, उष्णतेत नव्हे. त्यामुळे जी बॅटरी पहाटे सेल्फ चपळाईने फिरवते, तीच बॅटरी दुपारी केवळ गरम झाली म्हणून कमी पडते, हे स्पष्टीकरण सहसा टिकत नाही. एक अपवाद मात्र आहे. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग, तापल्यावर चार्जिंग सोडत असेल, तर प्रवासातच बॅटरी उतरते. म्हणून चार्जिंगचा आकडा सकाळी आणि घाट चढून आल्यावर, असा दोन्ही वेळा पाहावा.

बॅटरी निर्दोष ठरली की तिच्या तारांकडे वळावे. किनारपट्टीवर या दोषाचा उगम बहुतांशी इथेच असतो. खाऱ्या वाऱ्यातला ओलसर क्षार तांब्याच्या तारेत आणि तिच्या टोकाच्या जोडात शिरतो, तार आतून हिरवी पडते आणि विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध वाढतो. थंड असताना सेल्फला जो प्रवाह मिळतो तो कसाबसा पुरतो. गरम झाल्यावर तारेचा, जोडाचा आणि सेल्फच्या वायंडिंगचाही (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचाही) विरोध वाढतो, आणि मग तो पुरत नाही. तांब्याचा विरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे सकाळी २५ अंशांवर असलेली वायंडिंग १०५ अंशांवर पोहोचली, तर तिचा विरोध जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढलेला असतो. निरोगी जोडणी ही वाढ सहज पेलते, क्षार खाल्लेली जोडणी पेलत नाही.

माझ्या मामेभावाची पेट्रोल गाडी दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत दर वेळी अडत असे. दापोलीहून गरम होऊन आलेले इंजिन बोटीत बंद केले जाई, खाडी ओलांडेपर्यंतचा वेळ उष्णता पसरायला पुरेसा होई, आणि पलीकडे रॅम्प खाली आला की याचा सेल्फ अडखळत फिरू लागे. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत त्याने त्या जेटीवर कितीतरी वेळा घाम गाळला. दोन वर्षांत त्याने दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ मोटार बदलली. शेवटी आम्ही बॅटरीच्या ट्रेखालून इंजिनकडे जाणारी अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूची, तार तपासली. तिचे काळे आवरण वरून अगदी शाबूत होते. पण टोकाजवळ तार वाकवली तेव्हा ती आत करकरली, आणि आवरण बोटभर मागे सरकवताच हिरवट पांढरी भुकटी हातावर पडली. आतल्या तांब्याच्या तारांपैकी निम्म्याही धड उरल्या नव्हत्या. नवी तार बसवल्यावर दोष गेला, आणि बदललेली मोटार व बॅटऱ्या निष्कारण बदलल्या गेल्या होत्या हे सिद्ध झाले.

असा दोष डोळ्यांनी दिसत नाही, तो मोजावा लागतो. मोजण्याची पद्धत अशी आहे:

१. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवावी. ती खांबावरच टेकवावी, क्लॅम्पवर (खांबाला आवळलेल्या तारेच्या पकडीवर) नव्हे, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यातला गंजही आपल्याला मोजायचा आहे.

२. लाल पिन इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर दाबून धरावी.

३. मदतनिसाने तीन-चार सेकंद सेल्फ मारावा आणि त्याच वेळी आकडा वाचावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.३ च्या पुढे अर्थची तार किंवा तिचे जोड सदोष.

४. मग लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी पिन सेल्फ मोटारीच्या जाड तारेच्या बोल्टवर धरून तीच कृती करावी. इथे ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर पॉझिटिव्ह बाजूची तार किंवा सॉलेनॉइडकडचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचकडचा) जोड संशयास्पद आहे.

ही मापे सेल्फ फिरत असतानाच घ्यायची आहेत. सेल्फ थांबलेला असताना सडलेली तारसुद्धा मीटरवर निर्दोष दिसते, कारण मीटरला लागणारा किरकोळ प्रवाह वाहून न्यायला एखादी शाबूत तारही पुरते. ही चूक गॅरेजमधल्या अनुभवी वायरमनकडूनही होते.

जोड साफ करताना आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढावा आणि लावताना तो सर्वांत शेवटी लावावा. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, जोड पूर्ण कोरडा करावा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. आवळण्याआधी आत जेली भरणे योग्य नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, त्यांच्या बॉडीला जोडलेले सगळे अर्थचे बोल्ट एकदा खोलून पाहणे मी अत्यावश्यक मानतो, मग ती गाडी आज कितीही चांगली चालत असो.

दोन्ही मापे चांगली आली आणि तरीही सेल्फ जडच असेल, तर मोटार स्वतः सदोष असण्याची शक्यता मोठी. तिचे बुश (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) झिजले की आतला फिरता भाग उष्णतेने फुगल्यावर बाजूला घासू लागतो. इथे डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर निर्णायक ठरतो. सेल्फ जड असताना प्रवाह नेहमीपेक्षा खूप जास्त असेल तर मोटार आत घासते आहे किंवा इंजिनच जड झाले आहे. प्रवाह कमी असेल तर वाटेत कुठेतरी विरोध आहे किंवा मोटारीचे कार्बन ब्रश संपले आहेत. इंजिन जड झाल्याची शंका आल्यास कूलंटची पातळी आणि तापमानाचा काटा आधी पाहावा. अतिगरम होणाऱ्या इंजिनवर सेल्फ मारत राहणे धोक्याचे आहे.

इशारा: इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत आजच्या गाड्यांवर कधीही वापरू नये. त्या क्षणी उसळणारा विजेचा दाब इंजिनचा कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा संगणक, जाळू शकतो.

## टप्पा ४: सेल्फ चांगला, पण पेट्रोल इंजिन पकडत नाही

इथे आधी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवायचे आहे: इंजिनला पेट्रोल कमी पडते आहे की जास्त होते आहे? त्यासाठी कोणताही भाग खोलावा लागत नाही. दोन सोप्या चाचण्या पुरतात. त्या एकाच दिवशी एकामागून एक न करता दोन वेगवेगळ्या प्रवासांनंतर कराव्यात, कारण पहिली चाचणी दुसरीची परिस्थिती बदलून टाकते.

पहिली चाचणी. गाडी गरम होऊन २० मिनिटे उभी राहिल्यावर चावी फक्त ऑनपर्यंत फिरवावी, सेल्फ मारू नये. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू यावी. बटनाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटन दोनदा दाबले की बहुधा हीच स्थिती येते. चावी बंद करून असे तीन वेळा करावे आणि मग सेल्फ मारावा. आता गाडी पटकन चालू झाली, तर नळीतला दाब उभा असताना टिकत नाही, किंवा गरम नळीत पेट्रोलची वाफ होते आहे. काही गाड्यांत दार उघडताच पंप चालू होतो. तसे असेल तर ही चाचणी फारसे सांगू शकणार नाही.

दुसरी चाचणी. दुसऱ्या दिवशी तशाच परिस्थितीत ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. बहुतेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत असे केल्यावर सेल्फ फिरत असताना इंजेक्टर बंद राहतात आणि आत फक्त हवा जाते. इंजिन पकडताच पाय लगेच काढावा. असे केल्याने गाडी चालू झाली, विशेषतः अडखळत, काळा धूर सोडत आणि पेट्रोलचा वास देत चालू झाली, तर इंजिनात पेट्रोल जास्त होत आहे.

पेट्रोल कमी पडत असल्यास मुख्य संशय टाकीतल्या पंपाच्या एकदिशा झडपेवर घ्यावा. पंप थांबल्यावर नळीतले पेट्रोल मागे टाकीत जाऊ न देणे हे तिचे काम असते. तिची गळती सकाळीही असते, पण थंड असताना पंप काही क्षणांत दाब पुन्हा उभा करतो. गरम नळीत मात्र दाब गेलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती बाहेर निघेपर्यंत सेल्फ फिरतच राहतो. हल्ली पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, आणि बंद झालेल्या इंजिनावरची नळी ते तापमान सहज गाठते. दाब टिकून असेल तर पेट्रोल उकळत नाही, म्हणूनच ही छोटी झडप इतकी महत्त्वाची आहे. खात्री करण्यासाठी गॅरेजमध्ये दाबाचा गेज लावून घ्यावा. बहुतेक साध्या इंजेक्शन गाड्यांत चालू असताना दाब ३ ते ४ बार (बार हे दाबाचे एकक) असतो, आणि बंद केल्यावर दहा मिनिटांनीही त्यातला बराचसा टिकून राहिला पाहिजे. मिनिटाभरात काटा शून्यावर आला, तर दोष सिद्ध झाला. मात्र गळती पंपाच्या झडपेत आहे की इंजेक्टरमध्ये, हे ठरवल्याशिवाय पंप बदलू नये.

पेट्रोल जास्त होत असल्यास कारणे तीन, आणि त्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा. पहिले कारण पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारी ही झडप उघडी अडकली, तर उभ्या गाडीत वाफ इंजिनात जमत राहते. टाकी फुल केल्यावर लगेच त्रास होतो आणि एरवी होत नाही, अशी वहीत नोंद सापडली, तर बहुधा हीच झडप दोषी असते. ती काढून विजेच्या जोडणीशिवाय तिच्यातून फुंकर मारावी. हवा आरपार जायला नको. दुसरे कारण कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, ज्याची तपासणी पुढच्या टप्प्यात आहे. तिसरे कारण गळका इंजेक्टर. गरम गाडी अर्धा तास उभी ठेवून प्लग काढले असता एकच प्लग ओला आणि पेट्रोलचा वास देणारा निघाला, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासायला द्यावा.

इशारा: पेट्रोलची नळी गरम इंजिनवर घरी खोलू नये. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलेले थोडे पेट्रोलही पेट घेऊ शकते. तसेच पेट्रोल जास्त झालेली गाडी पुनःपुन्हा धक्का मारून चालू करू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी करते.

## टप्पा ५: सेन्सरची तपासणी

स्कॅनर लावून सकाळी थंड गाडीत, इंजिन चालू न करता, कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत आणि त्या वेळच्या हवेशी जुळावेत. घाट चढून आल्यावर कूलंटचा आकडा साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान असावा. इंजिन गरम असून स्कॅनर २० किंवा ३० अंश दाखवत असेल, तर कंट्रोल युनिट इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडते. उणे ४० हा आकडा दिसला तर सेन्सरची तार तुटलेली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वी कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर हिरवा गंज आहे का ते पाहावे, आणि तार उंदरांनी कुरतडलेली नाही ना तेही पाहावे. पावसाळ्यात वाड्यांत आणि पडवीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॉनेटखाली उंदीर आसरा घेतातच.

मग क्रँक सेन्सर. इंजिन फिरते आहे हे कंट्रोल युनिटला सांगणारा हा सेन्सर बिघडू लागला की तापल्यावर आतून तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. गरम गाडीचा सेल्फ मारताना स्कॅनरवरचे आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) पाहावेत. १५० ते २५० च्या आसपासचा आकडा ठीक आहे. सेल्फ जोमात फिरत असूनही शून्यच दिसत राहिले, तर हा सेन्सर किंवा त्याची तार दोषी आहे. चालती गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होते, हे याच दोषाचे पुढचे रूप आहे, आणि घाटाच्या वळणावर ते जिवावर बेतू शकते. म्हणून याची दुरुस्ती पुढे ढकलू नये. स्कॅनरमध्ये पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा दोष दाखवणारा कोड साठलेला असेल तर पुराव्याला बळ मिळते, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असा निष्कर्ष काढू नये.

प्लग आणि कॉइल यांच्याविषयी थोडक्यात: प्लग ठरलेले किलोमीटर ओलांडून गेले असतील तर ते बदलावेतच. पण केवळ गरम असताना सुरू होण्यातच त्रास असेल आणि चालताना इंजिन कुठेही अडखळत नसेल, तर दोष तिथे असण्याची शक्यता कमी आहे.

## टप्पा ६: डिझेल गाडी

डिझेल गाडी गरम असताना उशिरा पकडते म्हणून हीटर प्लग बदलणे, ही सरसकट होणारी चूक आहे. हीटर प्लग थंड इंजिनसाठी असतात, गरम इंजिनला त्यांची गरज जवळजवळ नसते.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, त्या सामायिक नळीतला दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरांतून किंवा पंपातून परतीच्या वाटेने निसटते. सकाळी घट्ट असलेले तेच डिझेल निसटत नाही, म्हणून सकाळी गाडी लगेच पकडते. स्कॅनरवर रेल प्रेशर हा आकडा सेल्फ मारताना पाहावा. गरम असताना तो सावकाश चढत असेल, तर आधी स्वस्त कारणे पाहावीत: डिझेल फिल्टर तुंबला आहे का, फिल्टरच्या तळाशी पाणी साचले आहे का आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरते का. पारदर्शक नळी असेल तर तिच्यातले बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यात फिल्टरचे पाणी महिन्यातून एकदा सोडावे.

हे सर्व ठीक असेल तर इंजेक्टरांची परतीची चाचणी करून घ्यावी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून इंजिन ठरावीक वेळ चालवतात आणि कोणाची बाटली इतरांपेक्षा फार भरली ते पाहतात. मिस्त्रीला ही चाचणी इंजिन गरम असतानाच करायला सांगावे, कारण थंड असताना चारही बाटल्या सारख्याच दिसू शकतात. एकच इंजेक्टर दोषी निघाला तर चारही बदलण्याची घाई करू नये.

इशारा: कॉमन रेलची नळी इंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. तिच्यातला दाब हजार बारच्याही पुढे जातो, आणि अशी धार कातडीतून आत शिरते.

सीएनजी गाडीच्या मालकांसाठी एक सूचना येथेच देतो. यातल्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, म्हणून गरम असतानाचा उशीर हा गॅसच्या किटचा दोष समजण्यापूर्वी टप्पा ४ च्या चाचण्या कराव्यात. पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवल्याने पंप तापतो आणि महिनोन् महिने पडून राहिलेले पेट्रोल दमट हवेत पाणी शोषते. पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी.

## टप्पा ७: दुरुस्तीनंतरची खातरजमा

एका वेळी एकच भाग बदलावा. दोन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि तो परत आला तर सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. काढलेला भाग गॅरेजमध्ये न सोडता घरी आणावा.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारात गाडी चालू झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. टप्पा १ मधलाच रस्ता, तोच एसी, तेच २० मिनिटांचे थांबणे, शक्य असेल तर टाकीत तेवढेच इंधन ठेवून चाचणी पुन्हा करावी आणि सेकंद वहीत लिहावेत. सकाळचा आणि गरम असतानाचा आकडा एका सेकंदाच्या फरकात आला पाहिजे. टप्पा ३ मधली व्होल्टेजची मापे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास दरवर्षी एकदा घेऊन याच वहीत नोंदवावीत. अर्थच्या तारेचा आकडा मागच्या वर्षी ०.१ होता आणि यंदा ०.२५ आला, तर ती तार जेटीवर दगा देण्याआधीच बदलता येते.